वटवाघळाचा दागिना घरात ठेवावा का?
वटवाघळाच्या आकाराचा दागिना घरात ठेवणं अशुभ असतं का? अजिबात नाही! आमच्या कोकणात वाघळांनी फळं खाऊन खाली टाकलेल्या उंडीच्या झाडाच्या बिया वेचून लोक दिव्याला तेल काढायचे, त्यांना अशुभ कसं म्हणू?

चिनी भाषेत 'वटवाघूळ' आणि 'सौभाग्य' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू'. म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शांत मरण. उलटं टांगलेलं असेल तर फारच छान, कारण 'उलटं' आणि 'आलं' हे शब्दही तिथे सारखेच ऐकू येतात, म्हणजे सौभाग्य आलं! फ्रान्समध्ये रेने लालिक या जवाहिऱ्याने १९०० च्या सुमारास घडवलेली वटवाघळं मात्र रात्रीची, गूढ.

माझ्याकडे चांदीचा एक जुना चिनी आकडा आहे, अंबाड्यात खोचायचा. वाघळाचे कान झिजून गुळगुळीत झालेत, डाव्या पंखावरचा निळा मिना कडेला उडालाय. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत पावसाळ्यात तो काळवंडतो. पण कृपा करून चिंच किंवा टूथपेस्ट लावू नका. खाचांतला काळेपणा गेला की नक्षी उठूनच दिसत नाही. मऊ सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. रबरबँड नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.