नरपण हार्मोनने येतं?

वर एकांनी म्हटलंय की माशीतही नरपण टेस्टोस्टेरॉनसारख्या एखाद्या हार्मोननेच येत असणार. फळमाशीत तसं नाही. तिथे प्रत्येक पेशी आपल्यातल्या एक्स गुणसूत्रांवरून (दोन असले तर मादी, एकच असला तर नर) स्वतःचं लिंग स्वतःच ठरवते. नरातलं वाय गुणसूत्र लागतं ते फक्त शुक्राणू धड बनायला. म्हणून मादी-भ्रूणाच्या पहिल्याच विभाजनात एका बाजूचा एक एक्स हरवला, तर माशी उभी अर्धी मादी, अर्धी नर निघते!

हार्मोनचा खेळ पुढचा. समागमात नराकडून ३६ अमिनो आम्लांचं 'सेक्स पेप्टाइड' (एक छोटंसं प्रथिन) मादीत जातं (नर मोठा धूर्त). त्याने मादीतलं ज्युवेनाइल हार्मोन (कीटकांचं एक हार्मोन) वाढतं, अंडी भराभर तयार होतात आणि मादी पुढच्या नराला चक्क लाथा मारते. पेप्टाइड शुक्राणूंच्या शेपट्यांना चिकटलेलं असतं, थोडं थोडं सुटतं. त्यामुळे हा परिणाम साधारण आठवडाभर टिकतो.