एचआरच्या पदवीला संख्याशास्त्र कशासाठी?

नवी_पालवी
नमस्कार. विद्यापीठात एचआर शिकते आहे, दुसरं वर्ष. माणसांत रमते, दोघांचं बिनसलं की समजूत घालायला जमतं, म्हणून हा विषय घेतला. पहिल्या वर्षी भरती, प्रशिक्षण, प्रेरणा असं सगळं आपलंसं वाटलं. आता संख्याशास्त्र आहे, कामगार कायदा आहे आणि जॉब अ‍ॅनालिसिस आहे, ज्यात एकेका पदाच्या कामांच्या लांबलचक याद्या करायच्या. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण आणि हॉथॉर्न कारखान्यातले कामगारांवरचे प्रयोग पाठ आहेत, पण सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींशी किती जुळतात तो आकडा, काढताना याचा माणसांशी काय संबंध हेच कळत नाही. वर्गातले म्हणतात, पास होण्यापुरतं कर, नोकरीत कोणी विचारत नाही. प्रकल्पाचा विषयही लवकरच द्यायचा आहे. या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगा, जोर कशावर देऊ?

हजेरीपट
मी पगार विभागात आहे. स्प्रेडशीट नीट शिकून घ्या. आणि पत्र लिहायला शिका. नेमणूक, बदली, ताकीद, राजीनाम्याची पोच, ही पत्रं चार ओळींत स्पष्ट लिहिणारं माणूस ऑफिसात पटकन सापडत नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

पाळी_बदल
वर्गातल्यांचं ऐकू नका. मी कारखान्यात बरीच वर्षं भरती सांभाळली, नंतर बढत्यांचं काम पाहिलं. संख्याशास्त्राइतका उपयोगी पडलेला दुसरा विषय मला सांगता येणार नाही.

मुलाखतच बघा. उमेदवार खुर्चीत बसला की दोन मिनिटांत आपण त्याला ओळखतो, असं बहुतेक साहेबांना मनापासून वाटतं. ते खरं आहे का, हे तपासता येतं. मुलाखतीत दिलेले गुण एका रांगेत लिहा, नेमणुकीनंतर वर्षभराने त्याच माणसांचं काम कसं आहे ते दुसऱ्या रांगेत लिहा, आणि तुम्हाला कंटाळा आलाय तोच सहसंबंध गुणांक काढा. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली अशा ८५ वर्षांच्या संशोधनाची बेरीज मांडली. गुणांक ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी. गप्पा मारल्यासारख्या मोकळ्या मुलाखतीला ०.३८ आणि स्ट्रक्चर्ड मुलाखतीला, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेले निकष, ०.५१. हस्ताक्षरावरून माणूस ओळखण्याला ०.०२. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेबाची पद्धत सुधारून आकडे पुन्हा काढले. बरेचसे खाली आले. मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली, स्ट्रक्चर्ड मात्र ०.४२ घेऊन यादीत सगळ्यात वर राहिली.

आता ते 'तेच प्रश्न' आणायचे कुठून? तुमच्या त्या लांबलचक याद्यांतून. आम्ही मशीनवरच्या जागांसाठी भरती करायचो तेव्हा आधी काम करणाऱ्यांच्या शेजारी अख्खी पाळी बसून बघायचो. हात भरभर चालणं हे आम्ही धरून चाललो होतो तेवढं महत्त्वाचं निघालं नाही. आधीच्या पाळीची नोंद नीट वाचणं आणि काही खटकलं तर अडून विचारणं, घोटाळे टळायचे ते यामुळे. त्यावरून प्रश्न तयार झाला: नोंद अर्धवट आहे, सुपरवायझर जागेवर नाही, मागून घाई चालली आहे, तुम्ही काय कराल? एक मुलगा टेबलाकडे बघूनच बोलत होता, तेही दोन-चार शब्द. मोकळ्या मुलाखतीत तो पहिल्याच फेरीत गेला असता. पण मशीन बंद कुठे करायची, कुणाला फोन करायचा आणि वहीत काय लिहायचं, हे त्याने क्रमाने सांगितलं. गुण मिळाले, जागा मिळाली. न बोलक्या माणसाला न्याय द्यायचा तर आपली माणसं ओळखण्याची आवड पुरत नाही, निकष आधी कागदावर असावे लागतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हॉथॉर्नही पाठ करून सोडू नका. कामगारांकडे लक्ष दिलं की काम वाढतं, एवढंच आपण परीक्षेत लिहितो. पण त्या प्रयोगात टेलिफोनचे रिले जोडण्याच्या खोलीत निवडलेल्या पाच जणींपैकी दोघींना १९२८ च्या सुरुवातीला काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. कारण? त्या फार बोलतात, सहकार्य करत नाहीत. माणसंच बदलली तर वाढलेल्या कामाचं श्रेय नक्की कशाला द्यायचं? हा प्रश्न ज्याला पडतो त्याला संख्याशास्त्र अर्धं आलं. आणि मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात तो त्रिकोण नाही, तो नंतरच्यांनी काढला.

कलम_वाचक
पाळी_बदल यांचं बरंचसं पटतं, एका जागी थांबवते. ती दुसरी रांग, 'वर्षभराने काम कसं आहे', ती भरतं कोण? वरिष्ठच. त्यांचा एखाद्या गटावर आकस असेल तर तुमचा गुणांक तो आकसच अचूक पकडेल. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांचा २००४ चा प्रयोग नक्की वाचा, नवी_पालवी. बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले, पात्रता तोडीस तोड, नावं मात्र काही गोऱ्या अमेरिकनांची वाटणारी आणि काही काळ्या अमेरिकनांची. पहिल्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली.

म्हणून कायद्याचा पेपर ढकलू नका. कलमं देशागणिक बदलतील, पण पाया आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारांत सापडतो: संघटना स्वातंत्र्याचा ८७ वा (१९४८), समान मोलाच्या कामाला समान वेतनाचा १०० वा (१९५१), भेदभावाविरुद्धचा १११ वा (१९५८). हे तीन मूळातून वाचा, छोटे आहेत. संघटनेचे प्रतिनिधी समोर बसतात तेव्हा त्यांनी ते वाचलेले असतात.

नवी_पालवी
दोघांचेही खूप आभार. जॉब अ‍ॅनालिसिसची वही पुन्हा उघडली आहे. मुलाखतींवरच प्रकल्प करावासा वाटतो, पण कुठल्या कंपनीची माहिती मला कोण देणार?

पाळी_बदल
कलम_वाचक यांचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी बढतीच्या वेळी दोन वेगवेगळ्या वरिष्ठांचे शेरे मागायचो.

नवी_पालवी, कंपनी नको. तुमच्याच विभागातल्या कुठल्या तरी कामाची, समजा ग्रंथालय मदतनीसाची, नीट यादी करा आणि त्यावरून पाच-सहा प्रश्न काढा. वर्गमित्रांच्या लुटुपुटूच्या मुलाखती घ्या, निम्म्या मोकळ्या, निम्म्या स्ट्रक्चर्ड, आणि रेकॉर्ड करा. ती रेकॉर्डिंग तीन जणांना वेगवेगळी दाखवून गुण द्यायला सांगा. तिघांचे गुण कुठल्या पद्धतीत एकमेकांशी जास्त जुळतात, तो तुमचा निष्कर्ष. संमती आधी लेखी घ्या, अहवालात नावं घालू नका, आणि गुण देऊन होईपर्यंत त्या तिघांना आपसात बोलू देऊ नका.