पीएच सेन्सर ७.० वरच चिकटलाय, इलेक्ट्रोड बदलू का?

गाळप_१२:
साखर कारखाना, सल्फिटेशननंतरचा (सल्फर डायऑक्साइड आणि चुन्याने साफ केलेला) रस, तापमान ७५ अंश. सेटपॉइंट (राखायचा पीएच) ७.०. कालपासून डिस्प्ले ७.० वर अगदी स्थिर, चुन्याचा व्हॉल्व्हही जागचा हलत नाही. लॅबचा नमुना मात्र ६.४. इलेक्ट्रोड तीनच आठवड्यांचा आहे.

केबलट्रे:
इलेक्ट्रोडला हात लावण्याआधी केबल बघा. पीएच ७ ला इलेक्ट्रोड ० मिलिव्होल्ट देतो. कनेक्टरमध्ये वाफेचं पाणी शिरून सिग्नल शॉर्ट झाला, तरी ट्रान्समीटर (सिग्नल वाचून पीएच दाखवणारा डबा) ७.० च दाखवणार. साखरेत सेटपॉइंटही नेमका तोच, त्यामुळे बिघाड दिसतच नाही. चालू प्रोसेसमध्ये एवढं शांत रीडिंग हीच खूण समजा.
इलेक्ट्रोड ४.०१ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवा. डिस्प्ले ७ वरच राहिला, तर तोच इलेक्ट्रोड हातातल्या मीटरला जोडा. तिथे ४ आलं की दोष केबलचा किंवा कनेक्टरचा. मल्टिमीटरवर विसंबू नका. इलेक्ट्रोडच्या काचेचा रोध १०० मेगाओहमच्या घरात, म्हणून मल्टिमीटरला ‘ओपन’ वाटणारी गळतीही इथे सिग्नल खाते. आणि मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचाच असेल तर केबलची दोन्ही टोकं सोडवून, नाहीतर ट्रान्समीटरचा इनपुट जाईल.

शुगरलॅब:
तोवर लूप (चुन्याचं आपोआप चालणारं नियंत्रण) मॅन्युअलवर घ्या आणि लॅबच्या आकड्यावर चुना चालवा. ६.४ ला, तेही गरम रसात, साखरेचं इन्व्हर्जन (ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये तुटणं) होत राहतं.
गार नमुन्याचा पीएच गरम रसापेक्षा थोडा वेगळा येतोच. तापमान भरपाई फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप (दर एका पीएचमागे मिळणारे मिलिव्होल्ट) सुधारते, रसाचा बदललेला पीएच नाही. पण ०.६ चा फरक एवढ्याने भरून निघत नाही.
काचेवर पांढरा थर असेल तर ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दोन-तीन मिनिटं, मग पाण्याने धुऊन तासभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. घासू नका. ७ आणि ४ वर कॅलिब्रेशन करून २५ अंशाला स्लोप ५० मिलिव्होल्टच्या खाली आला, तरच इलेक्ट्रोड टाकून द्या.

गाळप_१२:
बफरमध्येही ७.०, हातातल्या मीटरवर ४.०. कनेक्टरच्या रबराखाली पाणी सापडलं.

केबलट्रे:
ते टोक कापून नवं करा. केबलच्या तारांच्या जाळीखाली इन्सुलेशनवर काळा पातळ थर असतो, तो वाहक आहे. टोकाजवळचा पूर्ण सोलला नाही तर पुन्हा हीच गळती. सोललेल्या भागाला बोट लावू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकवा. केबल कनेक्टरकडे येताना खाली झोळ ठेवा, म्हणजे होजपाइपचं पाणी तिथूनच गळून जाईल.