सी प्रोग्रॅमिंगच्या ऑनलाइन प्रॅक्टिकलमध्ये पोरांना नुसतं लाल दिसतं, कुठं चुकलं ते कळत नाही. काय बदलू?

लॅबवाली_मॅडम (गंगापूर रोड)
नमस्कार मंडळी, फर्स्ट इयरला सी शिकवते. प्रॅक्टिकल मूडलवर (ऑनलाइन शिकवायची साइट) घेतो आम्ही, त्यात कोडरनर नावाचं प्लगइन टाकलंय, म्हणजे पोरं कोड लिहितात, चेक दाबलं की टेस्ट केस चालतात, म्हणजे ठरलेले आकडे देऊन उत्तर जुळतं का बघितलं जातं, चुकलं तर लाल दिसतं, आणि मार्क पडतात. माझा तपासायचा वेळ वाचतो हे खरंय पण पोरांचं शिकणं अडतंय असं वाटायला लागलंय. परवाचंच सांगते, सुरगाण्याकडची एक मुलगी फॅक्टोरियल (१ पासून n पर्यंतचा गुणाकार, ५ चं १२०) करत होती, लूप म्हणजे पुन्हा पुन्हा गुणायचा भाग अगदी बरोबर होता तिचा, फक्त नुसत्या १२० ऐवजी 'आन्सर = १२०' छापलं होतं. पाचही टेस्ट लाल. तिला वाटलं लूपच चुकला, मी तिच्यापाशी पोचेपर्यंत तिने i<=n चं i<n करून टाकलेलं आणि आता उत्तर २४ येत होतं. बरोबर आलेलं पोरीने स्वतःच्या हाताने मोडलं हो, फार वाईट वाटलं मला. कुणी यातून मार्ग काढलाय का?

सिडको_वाला
मॅडम, आधी कोडरनरमधलं ग्रेडर, म्हणजे उत्तर जुळवून बघायची सेटिंग, बघा. नियरली एक्झॅक्ट ठेवलं तर जास्तीची स्पेस, कॅपिटल-स्मॉल असल्या चुका सोडून देतं, पण 'आन्सर =' तेही माफ करणार नाही. म्हणून मी तर सुरुवातीचे दोन महिने पूर्ण प्रोग्रॅम मागतच नाही, सी फंक्शनवाला प्रश्नप्रकार आहे ना तो घेतो, पोरांनी फक्त फंक्शन, म्हणजे उत्तर काढणारा तुकडा, लिहायचं, छापायचं काम टेस्टचं. ऑल ऑर नथिंगची टिक काढा, नाहीतर पाचातल्या चार बरोबर आल्या तरी शून्यच. पेनल्टीत (दर चुकीला किती टक्के मार्क कापायचे) ०, ०, १०, २० असं टाका म्हणजे पहिल्या दोन चुकांना मार्क जात नाहीत आणि पोरं न घाबरता चेक दाबतात. आणि एक टेस्ट १३ च्या फॅक्टोरियलची ठेवाच, १२ पर्यंतचं इंटमध्ये (सीचा साध्या पूर्णांकाचा प्रकार) मावतं, १३ ला १९३२०५३५०४ असला भलताच आकडा येतो, तिथून लाँग लाँग हा मोठा प्रकार का लागतो ते शिकवता येतं. ही टेस्ट मात्र लपवू नका, दिसली तरच उपयोग.

पेठ_ते_सीबीएस
मॅडम मी सेकंड इयरची विद्यार्थिनी आहे. लॅबमधलं ठीक आहे हो पण घरी आमच्यातल्या बऱ्याच जणींकडे फोनच आहे, फोनवर महिरपी कंस टाकायचा तर दोनदा कीबोर्ड बदलावा लागतो, त्यात एसटीत नेट जातं येतं. आम्हाला एका सरांनी ओळी उलटसुलट करून दिलेल्या, त्या बोटाने ओढून क्रमाने लावायच्या. टायपिंग नाही, तरी लूपच्या आधी fact=1 का पाहिजे हे मला तिथंच कळलं खरं तर.

सिडको_वाला
हो, पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात त्याला, २००६ पासूनची कल्पना आहे. मूडलमध्ये ऑर्डरिंगचा (क्रम लावायचा) प्रश्न घेऊन साधं काम होतं.

आडगाव_नाका
एक राहिलं. पोरं घरच्या जुन्या पीसीवर टर्बो सी (सीचा जुना कंपायलर) वापरतात का विचारा. त्यात इंट दोनच बाइटचा, लहानच आकडा मावतो, म्हणजे ८ चं फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी -२५२१६ येतं, तुमच्या सर्व्हरवर मात्र बरोबर. पोरगं म्हणतं माझ्याकडे वेगळं येतं आणि आपण त्यालाच खोटं पाडतो. लूप दाखवायला पायथन ट्यूटर ही वेबसाइट घ्या, नावावर जाऊ नका, सीपण चालतं, एकेक ओळ पुढं सरकवत i आणि fact ची व्हॅल्यू बदलताना दिसते. फक्त स्कॅनएफने आकडा विचारण्याऐवजी n=5 थेट लिहा.

लॅबवाली_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार. टर्बो सीचं विचारलं, अकरा जणांच्या घरी तेच आहे. सोमवारच्या बॅचला फॅक्टोरियल फंक्शनवाल्या प्रश्नातच देतेय, ऑल ऑर नथिंगची टिक काढलीय, १३ ची टेस्ट उघडी ठेवलीय. पेठवाल्या ताई, ओळी लावायचे चार प्रश्न केलेत, फोनवर नीट ओढले जातायत का बघून सांगशील का गं?

पेठ_ते_सीबीएस
हो मॅडम, लिंक पाठवा, संध्याकाळच्या गाडीत बघते.