मदत हवी आहे: लेखकांची सहाय्यक म्हणून स्वतंत्र काम सुरू करायचंय (फोंडा)

बोरीची_बाय
नमस्कार. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकन जमतं, मुद्रितशोधनाचा थोडा सराव आहे. एका निवृत्त मास्तरांची १८० पानांची हस्तलिखित वही टंकायची विचारणा आलीय. आयएसबीएनपर्यंत (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सगळं मीच बघावं असं त्यांचं म्हणणं. दर कसा सांगू? काय स्वीकारू, काय नको?

शाईवाला
बाय, ‘सगळं बघते’ हे पहिलं टाळा. टंकन, शुद्धलेखन, आयएसबीएनचा अर्ज, छापखान्याशी बोलणी ही चार कामं, चारांचे दर वेगळे. एकत्र रक्कम सांगितली की पाचव्यांदा मुद्रित (प्रूफ) तपासणंही तुमच्याच माथी येतं.

दर सांगण्याआधी वहीतली १० पानं घड्याळ लावून टंका. सलग नकोत, मधली नि शेवटची घ्या. पहिल्या पानांवर अक्षर सगळ्यांचंच सुवाच्य असतं. पानाला २०० शब्द धरले तर ३६,००० शब्द होतात. हस्तलिखित लावत तासाला ९०० निघाले तर ४० तास, आणि वहीशी ताडून दुरुस्त करायला निदान २०. या ६० तासांवरून पानाचा दर काढा. समासातला मजकूर, बाण काढून मागच्या पानावर नेलेले परिच्छेद, चिकटवलेल्या चिठ्ठ्या यांचं आधीच बोलून घ्या. वेळ तिथेच जातो.

तिसवाडीकर
पानावर दर नकोच. एका पानावर १२० शब्द, दुसऱ्यावर ३५०. टंकलेल्या १,००० शब्दांवर घ्या, मोजणी दोघांनाही दिसते.

टंकन युनिकोडमध्येच. छापखाना श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरत असेल तर रूपांतरात रफार नि जोडाक्षरं सरकतात. आधी एवढीच ओळ पाठवून त्यांच्याकडून छापील उतारा मागवा: ‘सूर्य, दऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्ध्वस्त, दुःख, ॲप, ऑफिस’. ही धड आली तर पुढे जा. विसर्गाच्या जागी कोलन टंकू नका. कागदावर खपून जातं, शोधायला गेलं की शब्द सापडत नाही.

आणखी एक, हे आपल्याकडचं. वहीत संवाद कोकणीत असले तर ‘बरें’, ‘करूं’ वरचे अनुस्वार चूक समजून पुसू नका. मराठी मजकुरातले मात्र विचारून ठरवा: १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या वळणाच्या लेखकांना ते हवेसे असतात. मडगाव की मडगांव, म्हापसा की म्हापशें, अशा नावांची यादी पहिल्याच दिवशी करून मास्तरांची सही घ्या.

बोरीची_बाय
यादीचं सुचलंच नव्हतं. आयएसबीएन माझ्या खात्यावरून काढला तर चालेल?

शाईवाला
नको. मास्तर स्वतः पुस्तक काढणार तर प्रकाशक तेच, खातं त्यांच्याच नावाने उघडा. अर्ज राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सीच्या संकेतस्थळावर होतो आणि क्रमांकाला पैसे पडत नाहीत. तेव्हा बिलात ‘आयएसबीएन शुल्क’ लिहू नका, ‘अर्ज भरण्याची मजुरी’ लिहा. छापील नि ई-पुस्तकाला क्रमांक वेगवेगळे लागतात.

छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. घरून पुस्तक काढणारे हे हमखास विसरतात. पार्सलं तुम्ही करणार असाल तर टपालखर्च वेगळा धरा.

वहीत दुसऱ्या कवींच्या ओळी असतील तर कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. परवानगीची पत्रं मास्तरांच्या सहीनेच जाऊ देत. तुम्ही फक्त मसुदा करा.

तिसवाडीकर
पैशांचं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी ठेवा. एक तृतीयांश आगाऊ, तेवढाच निम्मी वही झाल्यावर, उरलेला अंतिम फाईल देण्याआधी. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. नवा परिच्छेद आला तर ते नवं टंकन. मूळ वही घरी नेण्याऐवजी पानांचे फोटो क्रमांक घालून घ्या, भिजली-हरवली तर भरून देता येत नाही. आणि मधल्या टप्प्यावर वाचायला पीडीएफच पाठवा. वर्डची फाईल गेली की घरातले तिघे तीन प्रतींत दुरुस्त्या करतात नि त्या जुळवत तुम्ही बसता.