विषय: तळपायांना मुंग्या, थकवा आणि जीवनसत्त्वांची कमतरता

सप्रेम नमस्कार,

गेले काही महिने माझ्या सासूबाईंना थकवा जाणवतो आणि तळपायांना मुंग्या येतात. त्या शाकाहारी आहेत व मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. हिमोग्लोबिन मात्र व्यवस्थित आहे. हे वयोमानाचे समजावे की एखाद्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे, आणि तूर्त बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुरू करावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— एक सभासद

ताई, नमस्कार.

येथे पहिला संशय ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आहे. आधी रक्ततपासणी आणि मग गोळी, हा क्रम मोडू नये, कारण गोळी सुरू झाली की रक्तातील ब-१२ची पातळी वर जाते आणि मुळात कमतरता होती की नव्हती, हे मागाहून ठरवता येत नाही. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्त कमी होण्याआधीच नसांना इजा झालेली असू शकते. नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर हिमोग्लोबिन सुधारते, पण नसांचे नुकसान चालूच राहते.

निदानासाठी थकवा फारसा उपयोगी नाही. तो लोहाच्या कमतरतेने, थायरॉइडने किंवा अपुऱ्या झोपेनेही येतो. त्याच्या जोडीला काय आहे, ते पाहावे. मुंग्या दोन्ही पायांत सारख्याच आहेत का? जीभ लाल, गुळगुळीत होऊन झोंबते का? बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाऊन आधार घ्यावा लागतो का? ही शेवटची खूण घरच्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. पाय कुठे व कसे टेकले आहेत हे मेंदूला कळवणारी संवेदना मंदावली, की माणूस नजरेच्या भरवशावर तोल सांभाळतो आणि डोळे मिटताच तो भरवसा संपतो. विसराळूपणा आणि उदासपणाही ब-१२च्या अभावी येऊ शकतात, पण ते वयाच्या नावावर खपून जातात.

ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत हाडे दुखतात आणि मांड्यांतला जोर जाऊन हात टेकल्यावाचून खुर्चीतून उठवत नाही. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाकडे, तर हिरड्यांतून रक्त व न भरणाऱ्या जखमा क जीवनसत्त्वाकडे बोट दाखवतात. आपल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध दिसत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत शाकाहार आणि मेटफॉर्मिन अशी दोन कारणे एकत्र आली आहेत, कारण हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-१२चे शोषण घटते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने लक्षणे सावकाश उमटतात. बी-कॉम्प्लेक्सबद्दल एक सावधगिरी: त्यातले ब-६ मोठ्या मात्रेत बराच काळ घेतल्यास ते स्वतःच नसांना इजा करते, म्हणजे मुंग्यांवर घेतलेल्या गोळीनेच मुंग्या यायच्या.

— एक डॉक्टर सभासद

डॉक्टर, आपले मनःपूर्वक आभार. ब-१२ची पातळी २४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आली असून प्रयोगशाळेने ती 'सामान्य' म्हटली आहे. मग विषय मिटला का?

— एक सभासद

ताई, मिटला नाही. साधारणपणे २००च्या खाली कमतरता धरतात आणि २०० ते ३०० हा संदिग्ध पट्टा मानला जातो. त्यात लक्षणे असतील तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासतात. पेशींना ब-१२ अपुरे पडले की ते वाढते. मूत्रपिंडे मंदावली असली तरीही ते वाढते, म्हणून मधुमेही व्यक्तीत मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणीही सोबत पाहावी. मधुमेहानेही अशाच मुंग्या येतात; तेव्हा साखरेचा आढावा घ्यावाच, पण सारा दोष तिच्या माथी मारून ब-१२ वाऱ्यावर सोडू नये. लक्षणे वाढत असतील तर तपासणीसाठी रक्त देऊन झाल्यावर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. इंजेक्शन की मोठ्या मात्रेची गोळी, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन मात्र त्यांच्या सल्ल्यावाचून थांबवू नका.