मुरखाड राजाची वाटणी

छोटू: माझं राज्य बुडालं 😭 चार दिवस जागून उभं केलं अन् एका मिनिटात अर्धं गेलं.

मोठे काका: कायचं राज्य बे? सकाळी कापूस वेचाले ये म्हटलं होतं तुले.

छोटू: गेम आहे काका. क्रुसेडर किंग्ज ३. दादानं सेलमध्ये घेऊन दिला.

दादा (पुणे): हो, गुन्हेगार मीच. स्वीडनच्या पॅराडॉक्सवाल्यांचा, २०२० चा. मारधाड कमी, कारभार जास्त. आयर्लंडपासून सुरू केलं न? साल १०६६, मन्स्टरचा राजा मुरखाड? नवशिक्याला तोच देतात. आजूबाजूला सगळे लहान लहान राजे.

छोटू: तोच. पहिल्या दिवशी नुसतं वाचूनच राहिलो. शब्दावर माउस नेला की चौकट उघडते, तिच्यातल्या शब्दावर नेला की अजून एक चौकट. पाचवीत गेलो अन् पहिल्यांदा काय पाहत होतो तेच विसरलो.

वहिनी: योजनेचा फॉर्म भरल्यासारखं 😂

छोटू: मग सैन्य उभं केलं. जायचं कुठं ते ठरलंच नव्हतं. उभ्या सैन्याचा खर्च महिन्याच्या महिन्याला कापत गेला. तिजोरी उणे.

आबा: पावसाचा पत्ता नाही अन् पेरणीले बाया सांगून ठेवल्या. द्या आता बसल्या जागी रोज.

दादा (पुणे): आबांना गेम कळला! छोटू, आधी दावा, मग सैन्य. दरबारातल्या धर्मगुरूला कामाला लाव. तो बसून शेजारच्या परगण्यावर तुझा खोटा हक्क तयार करतो. काही कारण हातात असल्याशिवाय लढाई पुकारताच येत नाही.

मोठे काका: म्हणजे पटवारी फिरवायचा. हे आम्हाले नका शिकवू. खालच्या वावराचा धुरा नांगराची चार तासं कसा सरकला, साऱ्या गावाले ठाऊक हाय.

धाकटे काका: भाऊ, ते इथं नको.

मोठे काका: मी कोणाचं नाव घेतलं का? बोल छोटू.

छोटू: तसंच केलं मी. एकेक परगणा करत शेजारचं लेन्स्टर घेतलं. मग मुरखाड मेला. राजा मेला की पुढं त्याचा मोठा पोरगा होऊन खेळायचं. तीन पोरं. मोठ्याले मन्स्टर, मधल्याले लेन्स्टर, अन् धाकट्याले माझ्या राजधानीले लागूनचा परगणा. मधला तर आता वेगळाच राजा झाला, माझं काहीच ऐकत नाही. त्याले पकडून मारायचं म्हटलं तर माझा मोठा निघाला दयाळू. स्वभावाविरुद्ध वागलं की त्याचंच टेन्शन वाढते, मग वेड्यासारखं करते.

दादा (पुणे): अरे, सुरुवातीला कायदाच वाटणीचा असतो. दोन्ही गाद्या एकाच तोलाच्या होत्या म्हणून मधला मोकळा सुटला. निम्म्याहून जास्त आयर्लंड घेऊन मुरखाड जिवंत असतानाच अख्ख्या आयर्लंडचा राजा व्हायचं होतं. हिस्से तेव्हाही पडलेच असते, पण भाऊ राहिले असते हाताखाली. लढाई जिंकली की वारसांचं पान उघडून पाहायचं, आज मेलो तर कोणाला काय जाते.

आबा: मी तीन वर्षांपासून दुसरं काय सांगून राहिलो? मी आहो तोवर वाटणीचा कागद करा.

धाकटे काका: हा मेसेज डिलीट केला गेला

आत्या (वर्धा): मुरखाडले पोरी नव्हत्या का?

छोटू: दोन होत्या. पण पोरं असले की पोरींना काही नाही मिळत. त्यांचं लग्न लावून दुसऱ्या राजाशी सोयरीक करायची. लढाईत कामी येते.

आत्या (वर्धा): वा. आपल्या इथं २००५ पासून पोरीचा हिस्सा पोराएवढाच आहे. मंगळवारी पटवाऱ्यासमोर बसाल तेव्हा लक्षात असू द्या.

मोठे काका: बाई, तुह्या सहीशिवाय कागद नाही होत. ये तू.

वहिनी: धाकटे भाऊजी ऑनलाइन दिसून राहिले, बोलून नाही राहिले 👀

छोटू: आत्या, बाईचं राज्य घेऊनही खेळता येते. टस्कनीची माटिल्डा आहे, इटलीत. १०६६ मध्ये फक्त वीस वर्षांची.

आत्या (वर्धा): तिले भाऊ किती?

दादा (पुणे): एकच होता आत्या. लहानपणीच गेला.

आत्या (वर्धा): तरीच. छोटू, तिचा लावून ठेव. मंगळवारी दुपारच्या एसटीनं येतो मी.